मॅमोग्राम नॉर्मल असताना केलेला एमआरआय

माझ्या मॅमोग्रामचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, रिपोर्ट चांगला आला होता. शेवटी 'बायरॅड्स २' असा शेरा होता. बायरॅड्स म्हणजे स्तनांच्या चित्रांत कॅन्सरची शंका किती, हे आकड्यात सांगायची पद्धत; २ म्हणजे काळजी करण्यासारखं काही नाही. मी कागद घडी घालून पिशवीत टाकत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी तो परत मागितला, वरच्या एका ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "तुमच्यासाठी ही ओळसुद्धा तेवढीच महत्त्वाची आहे." ओळ होती स्तनांच्या घनतेची: प्रकार डी.

घनतेचे ए ते डी असे चार प्रकार करतात. ए म्हणजे स्तनात बहुतेक चरबीच, डी म्हणजे जवळजवळ सगळीकडे ग्रंथी आणि तंतुमय भाग. हा आजार नव्हे, शरीराची ठेवण आहे. कित्येक निरोगी बायकांची ती तशीच असते. स्तन हाताला मऊ लागतो की घट्ट, यावरून घनता कळत नाही, मॅमोग्रामवरच कळते. अडचण अशी की मॅमोग्रामवर चरबी काळपट दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. माझ्या फिल्मवर पांढऱ्याखेरीज फारसं काही नव्हतंच. काही सापडलं नाही हे खरं होतं, पण त्या फिल्मवर सापडणं मुळातच अवघड होतं.

एवढ्यावरून कोणी मला एमआरआयला पाठवलं नसतं. पण माझ्या आईला चव्वेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, मावशीला त्याहूनही लवकर. आईची जनुकांची तपासणी झाली तेव्हा बीआरसीए२ या जनुकात दोष निघाला आणि नंतर माझ्यातही तोच निघाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांत सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए२ वाल्यांत सुमारे ६९ टक्के आढळला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की ज्यांचा आयुष्यभराचा धोका २० ते २५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी दरवर्षी मॅमोग्रामच्या जोडीला एमआरआयही करावा. मॅमोग्रामच्या ऐवजी नाही, जोडीला. तरुणपणी, म्हणजे दहा ते तीस या वयात, दुसऱ्या एखाद्या आजारासाठी छातीला रेडिएशन घेतलेल्या बायकाही याच गटात येतात, हे मला तेव्हाच कळलं.

मला पटवलं ते मात्र एका जुन्या डच अभ्यासातल्या आकड्यांनी. कुटुंबात किंवा जनुकांत धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांची काही वर्षं नियमित तपासणी करून २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले गेले. पसरू लागलेल्या कॅन्सरपैकी डॉक्टरांच्या हाताला सापडले १७.९ टक्के, मॅमोग्रामवर दिसले ३३.३ टक्के आणि एमआरआयवर ७९.५ टक्के. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले आणि लगेच दुसरी बाजूही सांगितली: ज्यांना कॅन्सर नव्हता अशा स्त्रियांना 'नाही' असं बरोबर सांगण्यात मॅमोग्राम वरचढ होता, ९५ टक्के, तर एमआरआय ८९.८ टक्के. "म्हणजे एमआरआयवर काहीतरी दिसेल आणि ते कॅन्सर नसेल, ही शक्यता धरूनच तपासणीला जायचं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. त्या वाक्याचं वजन मला पुढे कळलं, आणि एमआरआयला निघालेल्या प्रत्येक बाईला ते आधीच कोणीतरी सावकाश बसून सांगावं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पहिली गोष्ट तारखेची. पाळी चालू असलेल्या बाईचा तपासणीसाठीचा एमआरआय पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान करावा असं सांगतात. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात संप्रेरकांमुळे स्तनांतला रक्तप्रवाह वाढतो आणि अगदी निरोगी ग्रंथीही कॉन्ट्रास्टचं औषध, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते, शोषून उजळतात. त्या उजेडात लहान गाठ दडू शकते, किंवा नुसत्या ग्रंथीच गाठीसारख्या भासतात. मला फोनवर पहिली तारीख मिळाली ती नेमकी चौथ्या आठवड्यातली. पलीकडच्या माणसाने पाळीबद्दल काही विचारलंच नाही; मी कारण सांगितल्यावर त्याने आत कोणाला तरी विचारलं आणि तारीख बदलून दिली. तेव्हा हा प्रश्न आपणच काढावा हे बरं. पाळी गेलेल्यांना तारखेचं बंधन नाही. आणि ज्यांचं निदान आधीच झालंय, ज्यांना कॅन्सर किती पसरलाय हे पाहायचंय, त्यांच्या बाबतीत डॉक्टर पाळीसाठी थांबत नाहीत.

तपासणीच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं गेलं; मूत्रपिंडं नीट काम करतात का, ते त्यावरून कळतं. कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. मोकळा असेल तर तो विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रेणूत अडकवून देतात आणि काम झाल्यावर मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर तो शरीरात रेंगाळतो आणि काही जुन्या प्रकारच्या औषधांमुळे अशा रुग्णांची त्वचा आणि सांधे कायमचे कडक झाल्याचं २००६ पासून लक्षात आलं. त्यातल्या अनेक औषधांचा वापर २०१७ मध्ये युरोपात थांबवला गेला. आता बहुतेक ठिकाणी गॅडोलिनियमला पिंजऱ्यासारखं घट्ट धरून ठेवणारी औषधं वापरतात, त्यांना मॅक्रोसायक्लिक म्हणतात. आपल्याला कोणतं देणार हे मी विचारलं आणि टेक्निशियनने बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. वारंवार औषध घेतलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचा अंश राहतो असं २०१४ पासून दिसून आलंय. त्यामुळे काही इजा होते असं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण दरवर्षी हे औषध घ्यायचं असेल तर हा प्रश्न मनात येतोच, आणि यायलाही हवा. गरोदर बाईला ते देणं टाळतात.

मग लांबलचक फॉर्म. पेसमेकर आहे का? कानात कॉक्लिअर इम्प्लांट? मेंदूतल्या रक्तवाहिनीवर क्लिप? कधी वेल्डिंगचं किंवा लेथवरचं काम केलंय का, डोळ्यात धातूचा कण गेला होता का? त्या खोलीतला चुंबक सहसा १.५ टेस्लाचा असतो, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट, आणि तपासणी चालू नसली तरी तो चालूच असतो. टेक्निशियनने दागिने, घड्याळ, केसांतल्या पिना, अंगावरचा औषधाचा पॅच, सगळं विचारून विचारून काढायला लावलं. फॉर्म मी बाहेरच भरून दिला होता, तरी तिने तेच प्रश्न दाराशी परत विचारले. तिच्या त्या काटेकोरपणामुळे मला धीर आला.

स्तनांचा एमआरआय पालथं झोपून करतात. डोकं किंवा पाठ यांचा एमआरआय झालेल्यांना हे ठाऊक नसतं. टेबलावर एक चौकट असते आणि तिला दोन मोठी भोकं. गाऊन पुढून उघडा. स्तन त्या भोकांतून खाली सोडायचे, म्हणजे ते छातीपासून सुटे होऊन लोंबतात आणि आतला भाग पसरून नीट दिसतो. भोकांभोवतीच तारांची वेटोळी बसवलेली असतात, शरीरातून येणारा संकेत तीच पकडतात. चेहरा एका गोल उशीत, हात डोक्याच्या पुढे. टेक्निशियनने खाली वाकून दोन्ही बाजू स्वतः तपासल्या, त्वचेची घडी पडली नाही ना, गाऊनची कड मध्ये आली नाही ना, हे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, आत्ता हवं तेवढं हलून घ्या. कुठे टोचतंय, कुठे रुततंय, सगळं आत्ताच सांगा. आत गेल्यावर हलायचं नाही."

मला वाटलं होतं, बंद जागेची भीती वाटेल. पालथं असल्यामुळे ती फारशी वाटली नाही, बोगदा दिसतच नाही. त्रास झाला तो छातीच्या मधल्या हाडाचा. दोन भोकांच्या मध्ये जी पट्टी असते, तिच्यावर शरीराचा सगळा पुढचा भार येतो. सुरुवातीला नुसतं टेकल्यासारखं वाटतं. काही वेळाने तेवढं एक हाडच आपल्याला आहे असं वाटायला लागतं. मी तिथे जास्तीची गादी मागून घेतली आणि नडग्यांखाली उशी. जिला खांदे वर नेता येत नाहीत तिने हात अंगालगत ठेवता येतील का ते विचारावं. खरोखरच बंद जागेची भीती असेल तर ते डॉक्टरांना अगोदर सांगावं, म्हणजे आधी घ्यायची गोळी लिहून देतात. मात्र मग घरी नेणारं माणूस बरोबर हवं. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की तपासणी थांबवतात.

दुसऱ्या हातात सुई बसवलेली होती आणि तिची लांब नळी पंपाला जोडलेली. कानात बोळे, वर हेडफोन. यंत्राचा आवाज भयंकर असतो, कोणी लोखंडी दारावर न थांबता मुठी आपटाव्यात तसा. चुंबकाच्या आत दुसरी वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो आणि त्या बलवान क्षेत्रात ती थरथरतात, त्याचा हा आवाज. दर काही मिनिटांनी ताल बदलतो. मध्येच अगदी शांत होतं, आणि संपलं असं वाटेपर्यंत नवा ठोका सुरू होतो.

पहिली चित्रं औषधाशिवाय घेतात. त्यांत पाणी उजळ दिसतं, त्यामुळे पाण्याच्या साध्या गाठी तिथेच ओळखू येतात. त्यानंतर हेडफोनमधून आवाज आला, "आता औषध सोडतेय. हात गार पडल्यासारखा वाटेल. इथून पुढे मुळीच हलू नका." कोपरापासून खांद्यापर्यंत गार रेघ सरकत गेली आणि तोंडात क्षणभर धातूची चव आली. बाकी काही नाही.

ही पुढची काही मिनिटं म्हणजेच खरी तपासणी. एमआरआयवर कॅन्सर आपोआप वेगळा दिसेल, औषधाची गरज पडणार नाही, अशी सुरुवातीला संशोधकांना आशा होती. ती फळली नाही. १९८६ मध्ये जर्मनीत सिल्विया हेवांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम देऊन स्तनांची चित्रं काढली, आणि या तपासणीला दिशा मिळाली. कारण असं की कॅन्सरच्या पेशींचा पुंजका एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचा तर त्याला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. तो आजूबाजूला घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या फोडतो आणि त्या कच्च्या, गळक्या असतात. औषध त्यांतून भरकन आत शिरतं आणि पुष्कळदा भरकन बाहेरही पडतं. म्हणून औषध देण्याआधी एकदा आणि दिल्यावर पुन्हा पुन्हा, साधारण एक ते दोन मिनिटांच्या अंतराने, त्याच जागेची तीच चित्रं घेतात. मग संगणक नंतरच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करतो. उरतं ते फक्त जिथे औषध पोचलं तेवढं. आपण मध्ये जराशा जरी हललो तरी वजाबाकी चुकते आणि नसलेल्या कडा उजळून दिसतात. न हलण्याचा एवढा आग्रह त्यासाठी. श्वास मात्र नेहमीसारखा घ्यायचा, फक्त खोल उसासा टाकायचा नाही.

मॅमोग्राम गाठीची सावली पाहतो, एमआरआय तिचं रक्त पाहतो. घनता डी असली तरी रक्त लपत नाही. पण रक्त फक्त कॅन्सरच ओढतो असंही नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

उठताना सावकाश उठावं. इतका वेळ पालथं पडून एकदम बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीच्या हाडावर पट्टीचा लाल ठसा उमटला होता, संध्याकाळपर्यंत गेला.

रिपोर्ट आला. उजव्या स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात ७ मिलिमीटरची गाठ, कडा अनियमित, औषध लवकर शोषते, नंतर पातळी स्थिर राहते. बायरॅड्स ४.

बायरॅड्स ४ चा अर्थ बायोप्सी करा, म्हणजे तुकडा काढून तपासा. पण या एका खान्यात किती काय काय बसतं! दोन टक्क्यांहून थोड्या जास्त शंकेपासून ते ९५ टक्क्यांपर्यंत सगळं ४ मध्येच येतं. हे मला कोणी उलगडून सांगितलं नसतं तर मी तो आकडा म्हणजे निकालच धरून बसले असते. डॉक्टरांनी रेडिओलॉजिस्टशी बोलून मला आलेख दाखवला. औषध हळूहळू चढतच राहिलं तर गाठ बहुधा साधी. पटकन चढून पटकन उतरलं तर संशय जास्त. पटकन चढून तिथेच रेंगाळलं तर मधलं. माझं मधलं होतं. कडा मात्र बोलून दाखवत होत्या की तुकडा काढून पाहिल्याशिवाय राहू नका. एमआरआयमुळे बायोप्सी झालेल्या किती जणींना खरोखर कॅन्सर निघतो, असं मी विचारलं. अतिघन स्तनांच्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, हे प्रमाण सुमारे २६ टक्के होतं. चारांतल्या जवळजवळ तिघींना नव्हता. त्या स्त्रिया माझ्यासारख्या जनुकवाल्या नव्हत्या, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मला लागू नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. तरी तो धरून ठेवायला बरा होता.

घरी मी आधी आईला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझी गाठ मला अंघोळ करताना हाताला लागली, तेव्हा ती केवढी झाली होती ते आठवतं ना तुला? तुझी अजून कोणाच्या हातालासुद्धा लागत नाही. काही निघालं तरी तू माझ्या कितीतरी आधी पोचलीस." मला कोणाच्याही समजावण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. पण रात्री झोप लागत नव्हती, आणि लागणारही नव्हती. या वाट पाहण्याला 'उगाच काळजी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. या तपासणीची खरी किंमत हीच आहे, ती तपासणी करून घेणारीच मोजते, आणि तिने ती आधी समजून-उमजून कबूल केलेली असावी.

पुढची पायरी सोनोग्राफी. एमआरआयमध्ये जागा कळलेली असते, त्यामुळे नेमकं तिथेच शोधतात. सापडलं तर सोनोग्राफीखालीच बायोप्सी होते आणि ते सर्वांत सोपं. रेडिओलॉजिस्टने शेजारच्या पडद्यावर एमआरआय लावून बराच वेळ शोधलं. एमआरआयमध्ये आपण पालथ्या असतो, इथे उताण्या. स्तन पसरतो आणि आतली जागा काही सेंटिमीटर सरकू शकते. नाही सापडलं. मला क्षणभर वाटलं, सुटले. त्यांनी लगेच सांगितलं, "सोनोग्राफीत दिसत नाही म्हणजे ते नाही, असं होत नाही. एमआरआयमध्ये दिसलंय, तर एमआरआयमध्येच तुकडा काढावा लागेल."

आणि तिथे कळलं की जिथे माझा एमआरआय झाला, तिथे एमआरआयखाली बायोप्सी करण्याची सोयच नव्हती. दुसरं केंद्र शोधणं, तिथे आधीची चित्रं नेऊन देणं, त्यांनी ती पाहून होकार देणं, पुन्हा पाळीचा हिशेब, यात जो काळ गेला तो सगळ्यात वाईट. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मान्यतेची अटच आहे की स्तनांचा एमआरआय करणाऱ्या केंद्राकडे अशी बायोप्सी करण्याची सोय हवी, किंवा ती करणाऱ्या दुसऱ्या केंद्राशी आधीच ठरवून ठेवलेलं असावं. अट अतिशय शहाणपणाची आहे. जी गोष्ट फक्त आपल्या यंत्रात दिसते, तिचा तुकडा काढायची वाट माहीत नसताना ती शोधायला निघू नये. आता मला कोणी विचारलं तर मी यंत्र किती नवं आहे यापेक्षा हा प्रश्न आधी विचारायला सांगते: काही दिसलं, तर बायोप्सी कुठे आणि कोण करणार?

एमआरआयखालची बायोप्सी म्हणजे पुन्हा तीच पालथी अवस्था. या वेळी स्तन दोन पट्ट्यांमध्ये हलकेच दाबून धरतात. एका पट्टीला चौकोनी जाळी असते. जाळीवर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवली होती. आतलं तेल एमआरआयवर उजळ दिसतं, म्हणून खूण म्हणून ती वापरतात. औषध सोडलं, चित्रं घेतली, गाठ दिसली. कधी कधी त्या दिवशी ती दिसतच नाही. मग सुई घालत नाहीत, काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून खात्री करतात. माझी दिसली. कॅप्सूलपासून ती किती आडवी, किती उभी, किती खोल, हे मोजून जाळीतला चौकोन ठरला. टेबल बाहेर, भूल देण्याचं इंजेक्शन, आत सुईची वाट करण्यासाठी एक बारीक नळी, टेबल परत आत, नळी बरोबर ठिकाणी आहे का ते चित्र, टेबल पुन्हा बाहेर. हे सगळं थोडं घाईने चालतं, कारण औषध वाहून जातं आणि आजूबाजूचा भाग उजळायला लागला की गाठ त्यात मिसळून जाते.

तुकडे काढणारी सुई बरीच जाड असते आणि निर्वाताने ऊती ओढून घेऊन कापते. मला दुखलं नाही. दाब जाणवला आणि पंपाची घरघर ऐकू येत राहिली. एका बाजूला भूल थोडी कमी लागली होती, तिथे चुरचुरलं तेव्हा मी बोलले आणि त्यांनी लगेच आणखी दिली. गप्प राहून सोसू नये. शेवटी त्या जागी टायटॅनियमची बारीकशी क्लिप सोडली. पुढच्या प्रत्येक मॅमोग्रामवर ती दिसेल, तुकडा कुठून काढला हे कोणालाही कळेल, आणि तिच्यामुळे पुढचा एमआरआय करायला काही आडकाठी नाही. मग जखमेवर बराच वेळ हाताने घट्ट दाबून धरलं, पट्टी बांधली आणि क्लिप योग्य जागी आहे का हे पाहायला हलका मॅमोग्राम. नंतर निळसर डाग पडला, तो हळूहळू पिवळा होत गेला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी ती आधीच सांगायची असते.

पॅथॉलॉजीचा निकाल आला: स्क्लेरोझिंग ॲडिनोसिस. दूधग्रंथींचे बारीक भाग वाढतात आणि मध्ये तंतुमय ऊती भरून ते आवळले जातात. कॅन्सर नाही. पण मला वाटलं होतं तशी गोष्ट इथे संपत नाही. रेडिओलॉजिस्टने चित्र आणि निकाल शेजारी ठेवून पाहिले: चित्रात जे दिसलं त्याचा उलगडा या निकालाने होतो का? स्क्लेरोझिंग ॲडिनोसिसच्या कडा अशा वेड्यावाकड्या दिसू शकतात, म्हणून होतो, असं त्यांनी लेखी दिलं. जुळलं नसतं तर निकाल चांगला असूनही पुन्हा तुकडा काढावा लागला असता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बायोप्सीचा कागद हातात आला की 'दोन्ही जुळतात का' हे विचारल्याशिवाय उठू नये. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला; क्लिपच्या जागी छोटा काळा ठिपका होता आणि आजूबाजूला नवं काही नव्हतं.

आता माझं वेळापत्रक असं आहे: एमआरआय, सहा महिन्यांनी मॅमोग्राम, पुन्हा सहा महिन्यांनी एमआरआय. मॅमोग्राम सोडलेला नाही, कारण कॅल्शियमचे अगदी बारीक कण, जे काही सुरुवातीच्या कॅन्सरची एकुलती खूण असतात, ते एमआरआयवर दिसत नाहीत. धोका नेहमीएवढाच आणि घनताही कमी असलेल्या मैत्रिणी विचारतात, आपणही एकदा करून घ्यावा का? मी त्यांना स्पष्ट नको म्हणते. फायदा फार थोडा, आणि मी जी वाट चालले ती विनाकारण चालायला लागण्याची शक्यता बरीच. अतिघन स्तन असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्याच डच चाचणीत ज्यांना एमआरआयसाठी बोलावलं त्या गटात, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कॅन्सर हजारी २.५ होते, ज्यांना बोलावलं नाही त्यांच्यात हजारी ५. त्यांनी डॉक्टरांशी हे बोलावं.

वेळही कमी होत चाललाय. २०१४ मध्ये क्रिस्टियाने कूल या जर्मन रेडिओलॉजिस्टने दाखवून दिलं की औषधाआधीचं एक आणि नंतरचं एक, एवढ्या तीन मिनिटांच्या चित्रांवरही जवळपास तेवढंच कळतं. हा छोटा एमआरआय जिथे करतात तिथे छातीच्या हाडाचे हाल तरी वाचतात.

माझी धाकटी बहीण अठ्ठावीस वर्षांची आहे आणि तोच दोष तिच्यातही निघालाय. जनुकात दोष असलेल्यांना पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्रामही सुचवतात, म्हणजे तिचा नुसता एमआरआयच होईल. पहिलाच असल्याने तुलनेला जुनं काही नसेल, म्हणून पहिल्या वेळीच काहीतरी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. अतिघन स्तनांच्या त्या डच चाचणीत पहिल्या फेरीत हजारांतल्या सुमारे ८० जणींना खोटा इशारा मिळाला होता, दुसऱ्या फेरीत सुमारे २६ जणींना. हे मी तिला सांगून ठेवलंय. केंद्र तिने निवडलंय ते बायोप्सीची सोय विचारून, आणि पाळीच्या तारखेवरून दिवसही ठरवून घेतलाय.